पट्टीकाका आणि माझ्या काचेवरची रेघ

मी एक जुना स्कॅनर आहे. घाबरू नका, मित्रांनो, नाव परकं वाटलं तरी माझं काम अगदी साधं आहे. कागद माझ्या काचेवर पालथा घालायचा, झाकण लावायचं आणि बटण दाबायचं. मग माझ्या पोटातला दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकतो आणि त्या कागदाचं हुबेहूब चित्र संगणकात जातं. मला कागद वाचता येतात, पण बोलता येत नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण माझ्या या मुकेपणामुळे एका सज्जन माणसाच्या कपाळी चोरीचा डाग बसता बसता राहिला.

सध्या माझा मुक्काम एका कुलूपबंद लोखंडी कपाटात आहे. झाकणावर लाखेचा शिक्का आहे आणि वायरीला क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली आहे. अंधार आहे, काम नाही, त्यामुळे आठवणींना भरपूर वेळ मिळतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझी काच बसवणाऱ्या बाईंनी ती तीनदा पुसली आणि डोळे बारीक करून आडवी-उभी पाहिली. "एक ठिपका नाही," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. त्या काचेचा मला फार गर्व होता. पुढे हा गर्व कसा उतरला, ते सांगतोच.

खोक्यातून बाहेर आलो तेव्हा मी एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या खरेदी विभागात होतो. तळमजल्यावरची मागची खोली, तीन टेबलं, भिंतीला टेकलेली फायलींची मांडणी, आणि दर चौथ्या फेरीला कुरकुरणारा पंखा. खिडकीतून रुग्णवाहिकांची वाट दिसायची. कपाटावर दोन कुलपांची एक पत्र्याची पेटी धूळ खात पडली होती. दवाखान्याला हातमोजे, कापूस, चादरी असं काहीही घ्यायचं असलं, की विकणाऱ्या कंपन्या आपापले दर बंद पाकिटात घालून पूर्वी त्या पेटीत टाकत. सगळ्यांची पाकिटं एकाच दिवशी उघडायची आणि ज्याचा माल चांगला, दर कमी, त्याला काम द्यायचं. यालाच निविदा म्हणतात. पण त्या पेटीतल्या पाकिटांना अधूनमधून पाय फुटत असत, अशी कुजबुज होती.

म्हणून मग ई-निविदा आली. कंपन्यांनी आपापल्या ठिकाणाहून, आपापल्या संगणकावरून कागद भरायचे. मुदत संपेपर्यंत ते कुणालाच दिसणार नाहीत, साहेबांनासुद्धा नाही. त्या दिवशी आमच्या खोलीत छोटेखानी समारंभ झाला. खरेदी विभागाचे छोटे साहेब, हसतमुख आणि खिशात चार पेनं बाळगणारे, भाषणाला उभे राहिले. "आता इथे कुणाला काही लपवता येणार नाही. यंत्र लाच खात नाही," असं ते म्हणाले, तेव्हा टाळ्या पडल्या. मलाही भरून आलं. मी यंत्रच ना.

आता काकांची ओळख करून देतो. काका म्हणजे आमच्या खोलीतले जुने कारकून. चष्म्याला दोरी, कोपरांशी विरलेला स्वेटर, आणि बोलणं इतकं हळू की पंखा बंद करून ऐकावं लागे. वॉर्डांकडून येणाऱ्या मागण्या, माल मिळाल्याच्या पावत्या, जुन्या फायली, हे सगळं संगणकात चढवणं त्यांचं काम. म्हणजे आमच्या दोघांचं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी काका आठवडाभर रजेवर गेले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने एक अख्खा गठ्ठा, टाचणपिनेसकट, माझ्या काचेवर दामटून ओढला. वरपासून खालपर्यंत ओरखडा उठला आणि खालच्या टोकाला आकड्यासारखा वळला. त्या दिवसापासून माझ्यावर ठेवलेल्या प्रत्येक पानाच्या डाव्या समासात एक बारीक, फिकट रेघ उमटू लागली. ज्या काचेचा मी तोरा मिरवायचो, तिचंच असं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोलीत कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. काका परत आले आणि पहिलंच पान बघून थबकले. मग त्यांनी झाकण उघडून काचेवरून बोट फिरवलं.

"अरेरे, लागलं की रे तुला," ते म्हणाले.

नवीन काचेसाठी त्यांनी तीन पत्रं लिहिली. तिन्ही पत्रं माझ्यावरूनच गेली आणि कुठेतरी गडप झाली. मग काकांनी हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याच्या जाड पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद पट्टी कापली. ती ते माझ्या डाव्या कडेला, बरोबर ओरखड्यावर ठेवायचे आणि कागद पट्टीला भिडवून लावायचे. ओरखडा पट्टीखाली झाकला जायचा आणि पान स्वच्छ निघायचं. पट्टीची कड नंतर संगणकात छाटून टाकायची. काम झालं की पट्टी रुमालात गुंडाळून खणात, आणि खणाला कुलूप. दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत, हरवतील म्हणून.

त्यांचं नाव पट्टीकाका पडायला वेळ लागला नाही. छोटे साहेब तर जाता-येता टोमणा मारायचेच. "काय काका, पट्टी जेवली का?" खोलीभर हशा पिकायचा.

काका रागवायचे नाहीत. "पान कुणाचं तरी असतं साहेब. त्याच्यावर आपला डाग कशाला?" एवढंच म्हणायचे.

आठ वर्षं, मित्रांनो. रोज, प्रत्येक पानाला. कुणी बघत नसतानाही.

पण काका काही देव नव्हते. त्यांची एक चूक होती, आणि तिच्यात मी सामील होतो. संगणक उघडायला प्रत्येकाचा एक गुप्त शब्द असतो आणि आमच्याकडे तो दर महिन्याला बदलायचा नियम होता. काकांना तो आठवायचा नाही. मग ते तो एका चिठ्ठीवर लिहून माझ्या पाठीला, भिंतीकडच्या बाजूला चिकटवायचे. "तुझ्यापाशी ठेवतोय हं," असं मला हळूच सांगायचे. मला किती अभिमान वाटायचा. मी तो कधी कुणाला सांगितला नाही. पण छोट्या साहेबांना वाचता येत होतं.

दुपारी एकला काका डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायचे. त्यांची लेक तिथल्या वॉर्डात परिचारिका. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. चादरींच्या खोलीबाहेरच्या बाकावर बाप-लेक मिळून जेवायचे. पावणेदोनपर्यंत आमची खोली रिकामी असायची.

अशाच एका दुपारी छोटे साहेब एकटे आत आले. काखेत निळी फाइल होती. त्यांनी दार लोटलं, मला भिंतीपासून पुढे ओढून वाकवलं, पाठीवरची चिठ्ठी वाचली आणि काकांच्या नावाने संगणक उघडला. निळ्या फायलीतून तीन गठ्ठे निघाले. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे कागद, तीन वेगळे शिक्के. कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, पण तिघींचे कागद एकाच माणसाच्या काखेत. निविदा भरायची मुदत दीडला संपत होती. साहेब भराभर पानं ठेवत गेले. पट्टी नाही, काही नाही, सरळ काचेच्या कडेला भिडवून. माझी रेघ प्रत्येक पानावर उमटत गेली. मग साहेबांनी ते सगळे कागद त्या-त्या कंपनीच्या नावाने, आमच्याच संगणकावरून भरून टाकले.

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्याकडे होती फक्त दिव्याची घरघर.

दोन वर्षांत असं चारदा झालं. चौथ्या वेळी निविदा हातमोज्यांची होती. साहेब त्या दिवशी फारच घाईत होते. पानं ठेवता ठेवता मध्येच त्यांनी खिशातून स्वतःच्या रजेचा अर्ज काढला. "हेही उरकून टाकू," असं पुटपुटले, तो माझ्यावर ठेवला, आणि पुन्हा कंपनीच्या कागदांकडे वळले. मी प्रत्येक चित्राला ओळीने एक क्रमांक देतो. तशी माझी घडणच आहे. त्या अर्जालाही मी त्याचा क्रमांक दिला.

ते हातमोजे दवाखान्यात आले. वरून पांढरेशुभ्र, आतून कुचकामी. पंधरा दिवसांनी सिस्टर एका रुग्णाची चिघळलेली जखम धूत होती, तेव्हा मोजा बोटापासून मनगटापर्यंत टरकला. तिच्या हाताला चिरा होत्या. रक्त तपासायला गेलं, आणि अहवाल येईपर्यंतचे तीन आठवडे काका कसे जगले ते मी रोज जवळून पाहिलं. एकच पान दोन-दोनदा ठेवायचे. अहवाल चांगला आला. पण सिस्टर गप्प बसणारी नव्हती. तिने तक्रार लिहिली, फाटका मोजा पाकिटात घातला आणि बापाच्या टेबलावर आणून ठेवला.

"बाबा, हे वर पाठवा. उद्या दुसऱ्या कुणाचा अहवाल वाईट येईल."

काकांनी पट्टी काढली, नीट लावली आणि लेकीची तक्रार माझ्यावर ठेवली. ती तक्रार आपल्याच अंगावर उलटणार आहे, हे त्यांना कुठून कळणार?

तक्रारीमुळे तपासणी विभागातून एक बाई आल्या. ठेंगण्या, पाठदुखीमुळे सदा उभ्याने काम करणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी आठ वर्षांच्या सगळ्या निविदांची माहिती संगणकातून काढली आणि तिचे तक्ते करून भिंतीवर चिकटवायला सुरुवात केली. कोणी निविदा भरली, किती वाजता भरली, कोणत्या संगणकावरून भरली, काय दर लावला, कोण जिंकलं. चार दिवसांत भिंत दिसेनाशी झाली. मी मनातल्या मनात त्यांचं नाव तक्तेबाई ठेवलं.

चहा आणणाऱ्या शिपायाने एकदा विचारलं, "मॅडम, एवढे आकडे बघून डोकं नाही दुखत?"

"दुखतं की," तक्तेबाई म्हणाल्या. "पण एकेक निविदा सुटी बघितली तर सगळं ठीकच दिसतं. आठ वर्षांच्या शेजारी शेजारी मांडल्या ना, की त्या आपोआप चुगल्या करायला लागतात."

आणि खरंच, त्या चुगल्या करू लागल्या. चार निविदांमध्ये त्याच तीन कंपन्या होत्या. चौथं कुणी नाहीच. जिंकायच्या आळीपाळीने, जणू वाटून घेतलं असावं. दवाखान्याने मनात धरलेल्या दरापेक्षा जिंकणाऱ्या कंपनीचा दर दर वेळी किंचितच कमी. आणि तिघींचे कागद यायचे ते मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात, एकापाठोपाठ एक. तक्तेबाई पेन्सिल चावत भिंतीसमोर येरझारा घालत होत्या. मला वाटलं, झालं, आता साहेब सापडले.

मग त्यांनी शेवटचा तक्ता काढला. कोणत्या संगणकावरून, कुणाच्या नावाने. तो वाचून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. संगणक याच खोलीतला होता, आणि चारही वेळा तो उघडला होता काकांच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना उभं करून विचारणं सुरू झालं. तक्तेबाई, छोटे साहेब आणि काका, तिघंच.

"काका, या चार दिवशी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"जेवायला. लेकीबरोबर."

"तिच्याशिवाय कुणी बघितलंय?"

काका विचारात पडले. "वॉर्डात सगळ्यांची धावपळ असते मॅडम. कोण बघणार?"

"तुमचा गुप्त शब्द आणखी कुणाला माहीत आहे?"

काकांची नजर माझ्याकडे वळली. मग खाली गेली. "मी तो लिहून ठेवतो. स्कॅनरच्या मागे."

छोट्या साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. "काका, काका. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. निवृत्तीला चार महिने राहिले असताना?" आवाजात इतका कळवळा होता, की ऐकणाऱ्याला तो खराच वाटावा.

शनिवारी अकराला सुनावणी ठरली. तोवर काकांनी घरी बसायचं. सुनावणीत दोषी ठरले तर नोकरी जाणार, आणि तीस वर्षांच्या नावाला काळिमा लागणार. काकांनी डबा उचलला, चष्मा पुसला. दारात लेक उभी होती. तिच्या कानावर सगळं गेलं होतं.

"बाबा, माझ्या तक्रारीमुळे झालं हे."

"तू बरोबर केलंस. पुन्हा वेळ आली तरी हेच कर," काका म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. पट्टी खणातच राहिली.

गुरुवारी तक्तेबाई त्या तीन कंपन्यांची पानं पडद्यावर मोठी करून बघत होत्या. अचानक त्या पडद्यावर ओणवल्या. डाव्या समासात एक फिकट रेघ होती, खाली आकड्यासारखी वळलेली. दुसऱ्या कंपनीच्या पानावर तीच, तिसरीच्याही. त्या ताडकन माझ्याकडे आल्या. एक कोरा कागद ठेवला आणि बटण दाबलं. कोऱ्या कागदावर माझी रेघ लख्ख उमटली.

"याच यंत्रावर," त्या म्हणाल्या. "याच खोलीत बसून केलंय सगळं."

"मी काय म्हणत होतो?" दारातून छोटे साहेब म्हणाले. "इथे बसून स्कॅनर कोण वापरतं? काकाच ना?"

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू? काकांनी माझी जखम आठ वर्षं झाकली होती, आणि आता तीच जखम त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होती. माझी काच तडकून शंभर तुकडे झाले असते तर बरं झालं असतं.

"याला इथून हलवू नका," असं बजावून तक्तेबाई आपल्या कार्यालयात गेल्या. शुक्रवारी साहेबांनी भंगाराची यादी मागवली आणि तिच्या तळाशी माझं नाव लिहिलं. मग मला पुढे ओढून पाठीवरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि खिशात टाकली.

शनिवारी सकाळी दहाला मी एका ढकलगाडीवर होतो. खाली मोडका पलंग, वर गंजलेलं सलाईनचं स्टँड, मध्ये मी. शिपाई गाडी ढकलत फाटकापाशी आला. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो घरघरत होता. दहा पावलं गेलो असतो, की संपलं होतं.

फाटकावरचा वॉचमन हा त्या दवाखान्यातला सर्वांत चिकट माणूस. त्याने यादी उलटसुलट पाहिली.

"शिक्का गोल आहे."

"मग?" शिपाई म्हणाला.

"बाहेर जाणाऱ्या मालाला चौकोनी लागतो."

"अरे बाबा, साहेबांची सही आहे ना खाली."

"सही असेल. चौकोन कुठाय?"

एरवी या माणसाच्या नावाने सगळा दवाखाना बोटं मोडायचा. त्या दिवशी मला तो सख्ख्या भावासारखा वाटला. शिपाई वैतागून चौकोनी शिक्का आणायला गेला, आणि तेवढ्यात फाटकातून काका आणि सिस्टर आत आले. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दोन दिवसांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. गाडीवर मला बघून ते थांबले आणि सवयीने बाहीने माझ्या झाकणावरची धूळ पुसली.

"काका!" मागून आवाज आला. तक्तेबाई पाठीला हात लावून धावत येत होत्या. "खोलीत स्कॅनर नाही, मला वाटलं गेलाच. काका, एक विचारते, नीट आठवून सांगा. काल मी त्या चार दुपारी सोडून आठ वर्षांतली तुमच्या नावावरची सगळी पानं संगणकाकडून तपासून घेतली. बावीस हजार. त्यांतल्या एकाही पानावर ती रेघ नाही. तुमच्या रजेच्या दिवसांत दुसऱ्यांनी चढवलेल्या प्रत्येक पानावर आहे. त्या तीन कंपन्यांच्या प्रत्येक पानावर आहे. तुमच्याच पानांवर का नाही?"

काका गोंधळले. हा काय प्रश्न झाला, असा त्यांचा चेहरा झाला. "रेघ कशी येईल मॅडम? मी पट्टी लावतो ना."

"कसली पट्टी?"

काकांनी खणाची किल्ली काढली. सिस्टर ती घ्यायला पुढे झाली, पण तक्तेबाईंनी तिला अडवलं. "तुम्ही नको. तुम्ही लेक आहात. हे जातील." त्यांनी वॉचमनला पाठवलं, आणि दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना तिथेच बोलावून घेतलं. छोटे साहेबही लगबगीने आले.

वॉचमन गेला तो येईचना. सिस्टर ओठ चावत उभी होती. शुक्रवारी चिठ्ठी गेली, तशी पट्टीही गेली असेल तर? मला तेवढा एकच विचार होता. अखेर तो आला. हातात रुमाल होता, आणि रुमालात पुठ्ठ्याची एक मळकट पट्टी.

वॉचमनच्या खोलीतल्या चहाच्या किटलीची वायर काढून तिथे माझी जोडली. तक्तेबाईंचा संगणक स्टुलावर. माझा दिवा जुना आहे आणि गाडीवर धक्के खाऊन आला होता. पहिल्यांदा तो पेटलाच नाही. तक्तेबाईंनी पुन्हा बटण दाबलं. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं, आणि दिवा दोनदा लुकलुकून पेटला. पट्टीशिवाय पान ठेवलं, रेघ आली. मग काकांनी पट्टी लावली, कागद भिडवला आणि कड बोटाने सारखी केली. पान स्वच्छ निघालं.

"हुशार आहेत काका," छोटे साहेब हसून म्हणाले. "चोरीच्या पानांना मुद्दाम पट्टी लावली नसेल. आपल्यावर नाव येऊ नये म्हणून."

सिस्टरचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, कारण तेही खोटं म्हणता येत नव्हतं.

"बरोबर आहे," तक्तेबाई शांतपणे म्हणाल्या. "मलाही तीच शंका आली. म्हणून मी रेघ सोडली आणि क्रमांक धरले. हा स्कॅनर प्रत्येक पानाला ओळीने क्रमांक देतो. हातमोज्यांच्या निविदेची तीन कंपन्यांची पानं मी क्रमांकाने लावली. एक कंपनी संपते तिथे दुसरी सुरू होते, सलग. मध्ये फक्त एक आकडा गळालाय. शेवटी एकोणीस असलेला. तो गळालेला आकडा मी दवाखान्याच्या सगळ्या कागदांत शोधला."

त्यांनी संगणक डॉक्टरीणबाईंकडे वळवला.

"रजेचा अर्ज आहे. एक वाजून बारा मिनिटांचा. डाव्या समासात रेघ आहे. हे काही चोरीचं पान नाही, काकांनी चढवलं असतं तर पट्टी लावूनच चढवलं असतं. आणि अर्ज तुमचा आहे, साहेब."

छोट्या साहेबांचा हात खिशातल्या पेनांकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होते. बाहेर टेम्पोवाल्याने कंटाळून हॉर्न वाजवला आणि वॉचमन म्हणाला, "त्याला सांगा, आज काही मिळणार नाही."

पुढची चौकशी बरीच चालली, ती तुम्हाला सांगत बसत नाही. साहेबांची खुर्ची गेली. तिन्ही कंपन्या एकाच माणसाच्या निघाल्या आणि ते हातमोजे परत गेले. आता तक्तेबाईंचा तो तपास दर महिन्याला आपोआप होतो. एखादी निविदा संशयास्पद वाटली की संगणकच सांगतो, आणि मग कुणीतरी खोलीत येऊन प्रत्यक्ष बघतं. तेवढं मात्र बघायलाच हवं, असं तक्तेबाईंनी अहवालात लिहिलं आहे. नुसत्या तक्त्यावर त्या थांबल्या असत्या, तर काकांचं काय झालं असतं?

काकांनाही चिठ्ठीबद्दल लेखी ताकीद मिळाली. सिस्टरला ते लागलं. काका म्हणाले, "नाही गं. चूक होती माझी. यंत्राच्या पाठीवर कसला विश्वास टाकायचा? त्याला नाही म्हणता येत नाही." ते ऐकून मला वाईट वाटलं, पण ते खरं होतं.

मला पुरावा म्हणून कपाटात ठेवायचं ठरलं. शिक्का मारायला माणूस आला, तेव्हा काका निर्दोष असल्याचं पत्र नुकतंच हातात पडलं होतं. "एक पान काढू द्या," असं म्हणत काका माझ्याजवळ आले. त्यांनी झाकण उघडलं, काच पुसली आणि पत्र ठेवलं. सरळ कडेला भिडवून.

"बाबा, पट्टी?" सिस्टर म्हणाली.

"राहू दे आज," काका म्हणाले. "याच्यावर त्याची सही लागली पाहिजे."

मी दिवा सरकवला. आठ वर्षांत काकांच्या हातच्या पानावर माझी रेघ पहिल्यांदाच उमटली.

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. तुमचे गुप्त शब्द कुठे चिकटवून ठेवू नका, आणि टाचणपिना काढल्याशिवाय कागद कुणाच्या काचेवर ओढू नका. आणि कुणी बघत नसतानाही जो माणूस आपलं काम नीट करतो, त्याची टिंगल करू नका. कपाटात माझ्या झाकणावर एक रुमाल आहे आणि रुमालात ती पट्टी आहे. काकांनी ती माझ्या काचेवर, बरोबर जागेवर ठेवायला सांगितली होती, पण नियमात बसलं नाही. माझी फक्त एवढीच विनंती आहे, की कधी हे कपाट उघडाल, तेव्हा ती जागेवर ठेवा.